डाव्या गालावरचा वारा

१६ एप्रिल, मंगळवार

दाढ आहे. दाढच आहे! दुसरं काही नाही, आणि असलं तरी मी ते मानणार नाही.

सकाळी दात घासताना डाव्या बाजूला, वर, अशी कळ गेली की ब्रश बेसिनमध्ये पडला. गुरांच्या कुंपणाला वीज सोडतो ना, त्या तारेला ओला हात लागावा तसं. एक झटका, आणि मग जणू काही झालंच नाही. मी शहाणी! खात्री करायला पुन्हा ब्रश लावला. झाली खात्री.

एडविन गोठ्यातून आत आला तेव्हा मी बेसिन धरून उभी. ‘पाय का?’ म्हणाला. पंधरा वर्षांपूर्वी मला एमएस, ते मज्जातंतूंचं दुखणं, निघालं तेव्हापासून या घरात माझं काहीही बिनसलं की पहिला प्रश्न पायांचा. ‘दाढ,’ मी म्हटलं. काय खुलला त्याचा चेहरा! बायकोची दाढ दुखते म्हणून इतका खूश झालेला नवरा स्कॉटलंडच्या या अख्ख्या ऑर्कनी बेटांवर दुसरा नसेल.

खरं सांगायचं तर मीही खूश. माझं साधं दुखणं कुणी साधं राहूच देत नाही. सर्दी झाली तरी नर्स मोराग डोळ्यांत बॅटरी मारते. मला चारचौघींसारखी एक दाढदुखी हवी आहे. तेवढा हक्क आहे मला.

१८ एप्रिल, गुरुवार

आमच्या लेकीच्या, थोराच्या लग्नाची तारीख पक्की. पंधरा जून, शनिवार. मुलगा सिगर्ड, स्ट्रॉमनेसचा, खेकड्यांच्या बोटीवर असतो. उंच, लाजरा, आणि जेवायला बसला की बटाट्याचं पातेलं चाटून पुसून रिकामं. मला आवडतो.

लग्न आमच्या बेटावरच. म्हणजे वरात जुन्या रीतीची — पुढे फिडलवाला, मागे जोडीजोडीने सगळं गाव, चर्चपासून हॉलपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने. गाडीत कुणी बसत नाही. तान्ही कडेवर, म्हातारी काठीवर.

मी चालणार. स्वतःच्या पायांनी. एमएस निघालं त्या वर्षी दुकानात पिठाच्या पोत्यांमागे होते मी, तेव्हा पलीकडे दोघी बोलत होत्या — ‘बिचारी थोरा! आईला वरातीत ढकलत न्यावं लागणार.’ ढकलत! थोरा नऊ वर्षांची, माझा हात धरून उभी. तिनेही ऐकलं. त्या दोघींतली एक देवाघरी गेली. दुसरी लग्नाला येणार आहे, आणि तिला मी चालून दाखवणार आहे.

सरकारने दिलेली चाकाची खुर्ची शेडमध्ये आहे. तिच्यात तपकिरी कोंबडी अंडी घालते. लखलाभ असो तिला!

२२ एप्रिल, सोमवार

तोमिमा आत्याकडे चहाला. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, नव्वदीला टेकलेली, कान तेज आणि जीभ त्याहून. पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. पकडलं तिने.

‘दाढ?’

‘दाढ.’

‘मग उपटून टाक की. आणि एक कशाला, सगळेच काढ. माझ्या बापाने मला लग्नाआधी सगळे काढून दिले होते. भेट म्हणून! नवऱ्याच्या घरी जन्मात कधी दात दुखला नाही माझा.’ असं म्हणून तिने कवळी काढून बशीत ठेवली. ‘बघ. दुखतायत का?’

तिच्या वयाच्या निम्म्या बायका इथे अशाच. विशीत तोंडाचं बोळकं करून सासरी गेलेल्या, आणि वर त्याचा अभिमान.

‘तू थोराला काय देणार?’ आत्याने विचारलं. पलंगपोस विणतेय म्हटलं. ‘पलंगपोस!’ म्हणाली. ‘माझा बाप तुझ्यापेक्षा पुढारलेला होता.’

हसू आवरेना. हसले तर पुन्हा कळ. डोळ्यांतून पाणी. आत्याला वाटलं हसून आलं.

घरी येताना वाटलं — म्हातारी चुकीचं काय बोलतेय? दुखतंय ते काढून टाकावं. सोपं आहे.

३० एप्रिल, मंगळवार

मोठ्या बेटावर कर्कवॉलला जाऊन आले. दाताच्या डॉक्टरने ठोकून पाहिलं, गार पाणी मारून पाहिलं, फोटो काढला. म्हणाला, ‘दाढ ठणठणीत आहे. तिच्यात भरलेल्या जुन्या चांदीला एक बारीक चीर आहे, पण त्याने एवढं दुखत नाही.’ मग जरा घुटमळला. ‘तुम्हाला एमएस आहे ना? मग आधी —’

‘एमएस दातांना होत नाही,’ मी म्हटलं.

‘दातांना नाही, पण —’

‘दाढ कुणाची? माझी. काढा.’

आणखी थांबा म्हणाला. दोन आठवडे वाट पाहू म्हणाला. मी खुर्चीतून उठलेच नाही. चीर होती ना? होती. शेवटी त्याने हात टेकले. काढताना बिचारा माझ्यापेक्षा जास्त घामाघूम. तीन मुळांची, शुभ्र, सुंदर दाढ. ती रुमालात बांधून घेतली. आणि परतीची बोट पकडली.

१ मे, बुधवार

एकही कळ नाही. जिंकले!!

५ मे, रविवार

चर्चमधून बाहेर पडले आणि वारा लागला. नुसता वारा! आमच्याकडे वारा कधी नसतो? डाव्या गालावर आला आणि जिथे दाढ नाही तिथे दाढ दुखली. नाकापासून कानापर्यंत. मी फाटकाला धरून उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, ‘बेथिया, प्रार्थना संपली गं.’ लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं.

आता मला माहीत आहे हे काय आहे. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं पाऊल वाजलं तरी कळतं. आधी एक हिवाळाभर डोळ्यात होतं, मग पायांत, मग बोटांत. आता तोंडात आलंय.

एक चांगली दाढ फुकट गेली. आणि ती मीच हट्टाने काढवली. आत्याला सांगितलं तर म्हणेल, उरलेले पण काढ.

कुणाला सांगणार नाही. पंधरा जूनपर्यंत तरी नाही. या बेटांवर घराआड एकाला एमएस आहे. एक शब्द तोंडातून गेला की संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळतं, आणि मग कुणीतरी कोंबडीला हुसकून खुर्ची पुसायला घेतं.

९ मे, गुरुवार

बोलणं दुखतं. चावणं दुखतं. तोंड धुणं दुखतं. दुखतं तेव्हा असं दुखतं की माणूस स्वतःचं नाव विसरेल, आणि मग मिनिटभरात काही नाही. त्यामुळे कुणाला खरं वाटणार नाही. मलाच नंतर वाटत नाही.

गार सूप पिते, उजव्या बाजूने. एडविनला म्हटलं, लग्नाच्या झग्यात मावायचं आहे. ‘तू कधीपासून नटवी झालीस?’ म्हणाला.

१२ मे, रविवार

एडविनने दाढी काढली!

वीस वर्षांची दाढी. आंघोळ करून आला तर पिसं काढलेल्या कोंबडीसारखा. मी ओरडलेच — आणि ओरडण्याची शिक्षा लगेच मिळाली. सावरल्यावर विचारलं, हे काय? बूट घालत बसला. मान वर केली नाही. ‘मी जवळ आलो की तू तोंड फिरवतेस,’ म्हणाला. ‘दोन आठवडे झाले. मला वाटलं, टोचत असेल.’

मला रडू फुटलं. त्याला वाटत होतं मी त्याला कंटाळले. आणि हा वेडा कुणाला काही न विचारता वस्तरा घेऊन बसला.

सांगितलं सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मग मी उगाचच भादरून घेतली की!’

१४ मे, मंगळवार

एडविनने मोरागला बोलावलं. मला न विचारता. मी तिच्याशी अबोला धरणार होते, पण तो तिला कळणार कसा, तोंड बंद ठेवणं सध्या माझं रोजचंच.

मोराग इथली नर्स. माझ्यापेक्षा माझं शरीर तिला जास्त ठाऊक. जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘चेहऱ्याची नस आहे ती, बेथी. वायरवरचं रबर उंदराने कुरतडावं तसं तिच्यावरचं वेष्टण गेलंय. वारा, ब्रश, घास — काहीही लागलं की ठिणगी. एमएसवाल्यांत काही जणांना होतं. सगळेच आधी दात काढून येतात.’

‘सगळेच?’

‘एकाने चार काढले होते.’

ऐकून जरा बरं वाटलं, देवा माफ कर.

औषध आहे म्हणाली. खरं ते फेफऱ्याचं, पण या नसेलाही शांत करतं. मग घसा खाकरला. मोराग घसा खाकरते तेव्हा पुढचं वाक्य ऐकावंसं वाटत नाही. ‘तुझ्या पायांवर येऊ शकतं. झोपाळल्यासारखं होतं, तोल जातो. एमएसवाल्यांना जरा जास्तच.’

‘लग्नापर्यंत?’

‘घेऊन बघितल्याशिवाय मी काय सांगू?’

१७ मे, शुक्रवार

कळ नाही! सकाळी ब्रश केला, मग दुसऱ्यांदा केला, गंमत म्हणून. जवाचं बॅनक, आमची ती जाड भाकरी, खाल्लं, चीज लावून, डाव्या बाजूने. गायीशी मोठ्याने गप्पा मारल्या. एडविनच्या गुळगुळीत गालाचा मुका घेतला तर तो लाजला.

२० मे, सोमवार

गोठ्यात पडले. पाय नव्हतेच खाली. भिजलेल्या दोरखंडांवर उभी असल्यासारखी. गाय वळून बघत राहिली. एडविनने उचललं आणि माझ्या कपड्यांवरचा भुसा झटकला.

म्हणजे हिशेब असा. गोळी घेतली तर तोंड माझं, पाय नाहीत. नाही घेतली तर पाय माझे, तोंड नाही. लग्नात चालायचं, की लग्नात बोलायचं-हसायचं-खायचं? निवड!

का म्हणून निवडू? दोन्ही माझे आहेत.

२१ मे, मंगळवार

मोरागशी फोनवर भांडण. मी गोळ्या बंद करते म्हटलं. ‘एकदम बंद केलीस तर मी स्वतः येऊन तुझ्या घशात कोंबेन,’ ती म्हणाली. अर्ध्यावर तडजोड झाली. फोन ठेवताना म्हणाली, ‘हट्टी बाई.’ मी म्हटलं, ‘हट्टी नसते तर तुझ्या यादीतून कधीच कमी झाले असते.’ त्यावर हसली. हसल्यावर मोराग बरी दिसते.

२६ मे, रविवार

अर्ध्या गोळीवर अर्धं तोंड आणि अर्धे पाय. एवढ्यात मी जग जिंकेन.

रोज तो रस्ता चालते. चर्चपासून हॉलपर्यंत. आधी बोटीच्या धक्क्यापर्यंतच जमायचं. आज गिरणीच्या पडक्या भिंतीपर्यंत गेले. चेहऱ्याला लोकरी मफलर, त्यावर एडविनची वाऱ्याची टोपी, फक्त डोळे उघडे. दुकानदार रस्त्याच्या पलीकडून ओरडला, ‘दरोडा घालायला आलीस तर गल्ल्यात काही नाही गं!’

गाव बघतंय. खिडकीतले पडदे हलतात. बघू देत.

पण लग्नात मफलर बांधून चालणार नाही. त्या बाईसमोर तर मुळीच नाही.

१ जून, शनिवार

आज थोराला काळं फासलं, लग्नाआधी इथे नवरानवरीला फासतात तसं. काय मजा! तिच्या मैत्रिणींनी तिला आमच्याच अंगणात धरलं, डोक्यावर काकवीचा डबा ओतला, पीठ, पिसं, मागच्या वर्षीचा भुसा. सिगर्डलाही तसंच. मग दोघांना ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर बांधून बेटभर फिरवलं, डबे बडवत. मी स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं आणि डाव घेऊन ट्रेलरवर चढले — म्हणजे चौघांनी चढवलं. तोमिमा आत्या दारात उभी राहून कवळी हातात घेऊन ती हलवत होती.

बडवता बडवता वारा लागला. मी ओरडले. एवढ्या गोंगाटात कुणाला कळलंही नाही की हे कुठलं ओरडणं. मग मी पुन्हा ओरडले, मुद्दाम, पोटातून. हे बरं होतं. दर आठवड्याला कुणीतरी लग्न करावं.

२ जून, रविवार

थोराशी वाजलं.

एडविन बोलून बसला असणार. ती केसांतली पिसं काढत होती आणि अचानक म्हणाली, ‘आई, तू खुर्चीत बस. पूर्ण गोळी घे आणि बस. मला चालेल.’

‘मला नाही चालणार.’

‘मला तुझ्याशी बोलायचंय गं त्या दिवशी! तुझा हसरा चेहरा हवाय फोटोत. तू दात-ओठ खात चालणार आणि मी मागे वळून वळून बघणार, हे असं लग्न हवंय का मला?’

‘मग वळून बघू नकोस.’

‘लग्न माझं आहे की तुझं?’

यावर मी मोठ्याने बोलले. तीही बोलली. दार आपटलं. संध्याकाळच्या बोटीने स्ट्रॉमनेसला गेली. धक्क्यावर मी गेले नाही.

नऊ वर्षांची होती तेव्हा. दुकानातून घरी येईपर्यंत माझा हात तिने सोडला नव्हता. ‘मी नाही ढकलणार तुला,’ असं म्हणाली होती घरी आल्यावर. तिला आठवत नसेल.

८ जून, शनिवार

काही नाही. फोन नाही. पलंगपोस संपला. मोठा आणि वाकडा झालाय.

१२ जून, बुधवार

थोरा आली! लग्नापर्यंत राहणार. बोटीतून उतरली, सरळ माझ्याकडे आली आणि गळ्यात पडली — उजव्या बाजूने, जपून. 

जेवताना म्हणाली, ‘वरातीत मी तुझ्याबरोबर चालणार, आई.’

एडविनचा घास हातात. नवरी नवऱ्याबरोबर चालते! बेटावर आजवर दुसरं झालेलं नाही. ‘आणि सिगर्ड?’

‘सिगर्ड तुझ्याबरोबर चालेल, बाबा. तुम्ही दोघं गायींबद्दल बोला. मी आईच्या डाव्या हाताला. वारा तिकडून येतो ना?’

मी तिच्या ताटात आणखी दोन बटाटे वाढले.  माझं ऐकलं तिने! एवढी कडाक्याची भांडली, आणि आता स्वतः आडोसा होऊन चालणार. जरा उतरल्यासारखी दिसते. लग्नाची दगदग.

१३ जून, गुरुवार

कॉग, लग्नात पेय फिरवायचा तो लाकडी पेला, माळ्यावरून काढला, घासला. घरची बिअर, व्हिस्की, रम, साखर, मिरी. प्रमाण आईने कानात सांगितलेलं, इथेही लिहिणार नाही. एडविनने चव बघितली. मग पुन्हा बघितली. मग त्याला बाहेर हाकलला.

नवरी पहिला घोट घेते, मग तिची आई, मग कॉग सूर्याच्या दिशेने हॉलभर फिरतो. आईने नाकारला तर लग्नाला लागतं म्हणतात. लागतं-बिगतं सोडा, मला तो प्यायचाच आहे. आज कॉगमध्ये गरम पाणी घेऊन सराव केला. मान उजवीकडे, ओठाचा कोपरा, हळूच. तिसऱ्यांदा जमलं. अर्धं पाणी झग्यात!

१५ जून, शनिवार

पहाट. वारा पश्चिमेचा. रस्ता उत्तरेला. म्हणजे नेमका डावा गाल!

ये म्हणावं.

१६ जून, रविवार

चालले! चालले! चालले!

नीट लिहिते. चर्चच्या पायऱ्या एडविनने उतरवल्या. थोरा पांढऱ्या झग्यात माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. पाहुण्यांत कुजबुज — ‘अगं, नवरा विसरलीस!’ ‘परत दे म्हणावं, अजून वेळ गेली नाही!’ सिगर्ड एडविनशेजारी, कानापर्यंत लाल. फिडल सुरू झालं, आम्ही निघालो.

थोराने माझा दंड असा घट्ट धरला होता की बोटं रुतत होती. ‘सैल सोड, मी पडत नाही,’ मी म्हटलं. ‘राहू दे,’ म्हणाली. हळूहळू गेलो. माझ्या चालीने गेलो. आणि मग बघते तर आमच्या डावीकडे माणसं येऊ लागली. जोड्या मोडून. आधी सिगर्डचे दोघे भाऊ, दारातून आडवे जातील असे रुंद. मग दुकानदार. मग मोराग, हॅट धरून.  कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पावसापाण्याच्या गप्पा मारत समुद्राच्या बाजूने नुसते चालत राहिले, खांद्याला खांदा लावून. एवढे दिवस मी मफलरमध्ये लपवत होते, आणि सगळ्या गावाला माहीत!

गिरणीच्या भिंतीपाशी तरीही एक कळ आलीच. डोळे मिटून उभी राहिले. फिडलवाल्याने मागे न बघता जागच्या जागी तीच ओळ वाजवत ठेवली, पुन्हा पुन्हा, आणि सगळी वरात जागेवर पाय वाजवत उभी. थोरा कानाशी म्हणाली, ‘थांबायचं का?’ मी म्हटलं, ‘चाल.’

हॉलच्या दारात दुकानातल्या त्या दोघींतली उरलेली बाई होती. आता पार थकलीय, स्वतःच चाकाच्या खुर्चीत. काय काय बोलायचं ठरवलं होतं मी. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, ‘किती छान चाललीस गं, बेथिया.’ तिला काही आठवत नसणार. मी वाकून तिला जवळ घेतलं. मग काय करणार?

कॉग प्यायले. उजव्या कोपऱ्यातून, एक थेंब सांडला नाही. नंतर दोनदा आणखी प्यायले, ते सरावात नव्हतं. खुर्चीवर बसून नाच बघितला. आत्या सिगर्डला सांगत होती की पलंगपोसापेक्षा दात काढून दिले असते तर.

आज अंथरुणातून उठता येत नाही. एडविन सूप आणतो. मी हसते. दुखतं. तरी हसते.

२० जून, गुरुवार

थोराचा फोन, स्ट्रॉमनेसहून. उजव्या डोळ्याला धुरकट दिसतंय. डोळा फिरवला की आत दुखतं. लाल रंग मळका वाटतो.

कधीपासून?

लग्नाच्या आधीच्या सोमवारपासून.

सांगितलं का नाहीस? ओरडलेच मी. ‘तुला चालायचं होतं ना, आई.’ मग म्हणाली, ‘उजवीकडचं काही नीट दिसत नव्हतं गं. म्हणून तू त्या बाजूला. सिगर्ड भराभर चालतो, त्याला कळलं असतं. तुझ्या चालीने चालले तर कुणाला संशय येणार नव्हता.’

माझंही आधी डोळ्यापासूनच सुरू झालं होतं.

‘धूळ गेली असेल, हो ना?’ म्हणाली. अगदी माझाच आवाज. मी म्हटलं, नाही, थोरा. दाढ, धूळ, दगदग — आता यातलं काही चालणार नाही. मी उद्याच्या बोटीने येते आणि आपण दोघी डॉक्टरकडे जातो.

मोरागला विचारून पूर्ण गोळी घेतली. पाय जाऊ देत. उद्या मला बोलायचं आहे.